चापटीच्या आधीची कळ

लिंबाजीने मला भर छावणीत चापट मारली, हे खरं आहे. बघणारे पुष्कळ होते. त्या चापटीने माझ्या गालातली नस दुखावली आणि तिथून माझं दुखणं सुरू झालं, हे खोटं आहे. हे खोटं मी सांगितलं. सोसायटीत सांगितलं, बाजारात सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. पण पुरतं खरं कधीच वाटलं नाही. आत कुठेतरी ठाऊक असायचं.

ज्याचा गाल, जबडा, कपाळ, दात असा अवचित दुखू लागलाय त्याने हे वाचावं. मला कुणी चांगलं म्हणावं म्हणून लिहिलेलं नाही. वाचून झाल्यावर कुणी म्हणणारही नाही.

पाणी

आमचं गाव नेकनूरच्या बाजूला. गावच्या दूध सोसायटीचा मी चेअरमन. लोक 'चेरमन' म्हणतात. शेती बरी, घरी दुभती जनावरं, बायको सुमन, एक मुलगी, ती लग्न होऊन पुण्याला. बोलणं हा माझा धंदाच म्हणा ना. सभेत बोलायचं, दूध संघाच्या साहेबांशी बोलायचं, भांडणं मिटवायची. पन्नाशीच्या आतबाहेरचा होतो आणि आवाज खणखणीत होता.

त्या दुष्काळाच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तोंड धूत होतो. ओलं बोट डाव्या नाकपुडीच्या कडेला लागलं आणि कुणीतरी गालात विजेची उघडी तार खुपसावी तशी कळ गेली. ओठापासून डोळ्याखालपर्यंत. तांब्या हातातून पडला. डोळ्याची पापणी लवायच्या आत कळ गेलीही. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. पुढे काही दिवस काहीच नाही. मग एकदा भाकरी चावताना. मग दाढी करताना. मग नुसतं वारं लागलं तरी.

मला काय वाटलं ते सांगतो. मी कॉलेजच्या वयापासून तंबाखू खातो. माझे चुलते तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या गालाला पडलेलं भोक मी बघितलेलं होतं. पहिल्या कळेलाच मी मनात निकाल लावून टाकला. आरशासमोर उभा राहून, तोंडात बॅटरी मारून जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू तपासायचो. काही दिसायचं नाही. म्हणजे आत खोल असणार, असं समजायचो. डॉक्टरकडे गेलो तर तो नाव घेईल, आणि नाव घेतलं की ते खरं होईल, अशी माझी अक्कल.

गालाला वस्तरा लावता येईना म्हणून दाढी वाढू दिली. सोसायटीत कुणी विचारलं, तेव्हा म्हणालो, "पाऊस पडेपर्यंत करणार नाही. नवस आहे." हे माझं पहिलं खोटं. लोकांना ते फार आवडलं. दुष्काळात चेअरमनने पावसासाठी दाढी सोडली, म्हणून माणसं नमस्कार करायला लागली. मी तो नमस्कार घेतला.

छावणी

उन्हाळ्यात सोसायटीने चारा छावणी काढली. ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माळावर दावणी बांधायच्या, वर हिरवं कापड किंवा पत्रे, टँकरचं पाणी, उसाचे वाढे आणि पेंड. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा. प्रत्येक घरातलं एक माणूस जनावरांपाशी राहायचं. तिथेच चूल, तिथेच अंथरूण. सकाळी बिल्ल्यांचा पुकारा व्हायचा. ज्याचा पुकारा झाला त्याच्या दावणीत चारा पडायचा. पुकारा मी स्वतः करत असे, त्यात मला मोठेपणा वाटे. पण चैत्र लागला तशी गरम हवा तोंडावर यायला लागली आणि दोन नावं पुकारली की गालात सुरी फिरायची. मी पुकारा गोरखकडे दिला. गोरख आमचा एक संचालक, माझ्या पुढेपुढे करणारा.

लिंबाजी माझ्या वर्गातला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जनावरं. सोसायटी काढली तेव्हा दूध घालायला लोक बिचकत होते, तेव्हा पहिली चरवी त्याची बायको कौसाबाई घेऊन आली होती. छावणीत त्याची बैलजोडी होती आणि एक गाभण म्हैस. एके दिवशी एका बैलाचा कान फाटला, बिल्ला कुठेतरी गळून पडला. गोरखने त्या बैलाचा पुकारा केला नाही. बिल्ला नाही, चारा नाही.

लिंबाजी सरळ माझ्याकडे आला. मी खुर्चीवर, गालावर उपरणं धरून बसलो होतो. सकाळपासून कळांवर कळा येत होत्या.

"बाळ्या, कान फाटला म्हनून बैल मेला का? ह्यो काय, उभा हाय तुझ्यापुढं."

मी बोललो नाही. ओठ हलवला तर काय होईल हे मला माहीत होतं.

"आरं चेरमन, तुला इचारायलोय. गोरख्या चारा देत न्हाई, कावून?"

मी बोललो नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "मौन धरलंय त्येंनी. पावसाचं!" माणसं हसली.

"लई मोठा झाला का बे?" लिंबाजीचा आवाज चढला. "दूध पायजे तवा घरला येत होतास. आता तोंडात काय सोनं धरून बसलास?"

मी हात वर केला आणि दारात आलेल्या कुत्र्याला हाकलावं तसा बोटांनी त्याला हाकलला. शब्द नको होता म्हणून केलं. पण समोरच्याला तसं कसं दिसणार? त्याने चापट मारली. डाव्या गालावर.

पुढचं मला धड आठवत नाही. मी खाली पडलो होतो. कळ थांबतच नव्हती, एक संपायच्या आत दुसरी. पेंडीच्या पोत्यांवर मला टाकलं होतं आणि गोरख माझ्यावर वाकून म्हणत होता, "सायब, नस तुटली असंल. माज्या मामाची अशीच तुटलती. मारली तवाच तुटली ना?"

मी मान हलवली.

एवढंच. मान हलवली. आणि त्या क्षणी, इतक्या दुखण्यातही, मला हायसं वाटलं. कॅन्सर नाही. चापट आहे. मारणारा समोर उभा आहे, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. आजारी माणसाला कारण हवं असतं आणि मला ते कुणीतरी हातात आणून दिलं होतं. पुढची सगळी घाण त्या हायसं वाटण्यातून झाली.

संध्याकाळी संचालक बसले. चेअरमनवर हात टाकणाऱ्याची जनावरं छावणीत ठेवायची नाहीत आणि त्याचं दूधही घ्यायचं नाही, असं ठरलं. पोलिसांत जायचं नाही असं मी सुचवलं, म्हणजे माझा मोठेपणाही दिसला.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई आमच्या घरी आली. उंबऱ्याच्या बाहेर बसली.

"भावजी, त्येंचं चुकलं. त्येंला काढा, मी काय म्हनत न्हाई. पर म्हस गाभण हाय. असल्या उन्हात कुटं न्यावं तिला? जनावरं तेवढी राहू द्या. मी ऱ्हाते तितं."

मी गालावर उपरणं धरून बसून राहिलो. ती बराच वेळ बसली. सुमनने तिला पाणी दिलं, ते ती प्यायली नाही. उठून गेली.

लिंबाजी जनावरं घेऊन चौसाळ्याकडच्या एका छावणीत निघाला. चालतच. तिथे जागा नव्हती. त्यांनी परत लावलं. येताना रस्त्यात म्हैस गाभडली. पोटातलं रेडकू गेलं, आणि मागोमाग म्हैसही गेली. गोरखने ही बातमी मला सांगितली ती अशी: "देवानंच न्याय केला, सायब."



दात

नस तुटली म्हणत होतो, तरी आधी दात काढायला गेलो, कारण कळ वरच्या दाढेतून उठल्यासारखी वाटायची. बीडच्या दातांच्या डॉक्टरने फोटो काढला आणि सांगितलं, दात धडधाकट आहे, काढू नका. मी त्यांच्यावर ओरडलो, आणि ओरडताना कळ आली म्हणून आणखी ओरडलो. अडूनच बसलो. त्यांनी नाही म्हटलं म्हणून दुसरीकडे जाऊन काढून घेतला. दुखणं तसंच. मग शेजारचा काढून घेतला. दोन चांगले दात गेले. त्या पहिल्या डॉक्टरांना मी जिथे तिथे शिव्या देत होतो.

मग सायनस म्हणून वाफ घेतली. वाफेने जीव जायची वेळ आली. कुणी तेल सांगितलं, कुणी कान टोचायला सांगितलं. प्रत्येकाला मी आधी चापटीची गोष्ट सांगायचो.

खाणं सुटलं. भाकरी कोमट वरणात कालवून, उजव्या बाजूला सरकवून गिळायची. थंड पाणी नाही, गरम चहा नाही. मोटारसायकल बंद, एसटीत खिडकीची जागा नको. टॉवेलात तोंड गुंडाळून मी घरात बसून असायचो आणि सगळ्या जगाचा राग सुमनवर काढायचो. वरण कढत लागलं म्हणून एकदा ताट भिरकावलं. ती भिंतीवरचं वरण पुसत म्हणाली, "जेवाया तोंड उघडत न्हाई तुमचं. शिव्या द्यायला मातुर बराबर उघडतंय."

पाऊस आला. उशिरा, पण आला. आणि लोक दाढीकडे बघायला लागले. पारावर बसलेल्यांनी हाक मारून विचारलं, "चेरमन, पडला की पाऊस! आता कोन्त्या पावसाची वाट बघायलाव?" सगळे खो खो हसले. पुढच्या वर्षीचाही नवस बोललोय, असं काहीतरी मी पुटपुटलो.

त्याच आठवड्यात एका दुपारी कळा थांबेचनात. मरून जावं असं वाटलं. हे पहिल्यांदा नव्हतं. मी हे सुमनला सांगितलं. या सगळ्या काळात मी केलेली एकच शहाणपणाची गोष्ट ती. तुमच्याही मनात असं आलं तर त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगा, डॉक्टरला सांगा, लाजू नका. सुमनने मला काही उपदेश केला नाही. मुलीला फोन करून औरंगाबादच्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ घ्यायला लावली आणि सकाळच्या गाडीने मला नेलं.

निदान

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं ते दुखतं किती, असं नाही; दुखतं कसं. विजेसारखं की ठणकतं? एकाच बाजूला? किती वेळ? कशाने सुरू होतं? मी सांगत गेलो. त्यांनी कापसाची वात घेऊन गालाजवळ नेली. मी त्यांचं मनगट धरलं. त्या म्हणाल्या, "बरं, नाही लावत."

"कधीपासून आहे?"

मी माझी पाठ झालेली गोष्ट सुरू केली. छावणी, बैल, चापट. त्या लिहून घेत होत्या.

"खोटं हाय, डॉक्टरीणबाई," सुमन म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, तिने चारचौघांत माझा शब्द कधी खोडला नव्हता.

"संक्रांतीला ह्येंनी तीळगूळ तोंडात तसाच धरून ठिवला, चावला न्हाई. तवापासून ह्ये डाव्या बाजूनं जेवत न्हाईत. दाढी बी तवाच सोडली. चापट लई मागाहून हाय. चैतातली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, खरं काय?"

"ती म्हणते ते."

"मग त्या माणसाने चापट का मारली?"

"मी त्याला उत्तर दिलं नाही म्हणून."

"का नाही दिलं?"

"गाल दुखत होता."

खोलीत पंखा फिरत होता आणि मी त्याच्या वाऱ्याला हात आडवा धरून बसलो होतो. चापटीने दुखणं आलं नव्हतं. दुखण्याने चापट आणली होती. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला परक्या बाईपुढे, बायकोने तोंडावर पाडल्यावर, स्वतःच्या तोंडून ऐकावी लागली.

मी विचारलं, "कॅन्सर आहे का?"

त्यांनी तोंड तपासलं, मग मेंदूचा एमआरआय करायला लावला. त्या नळकांड्यात पडून मी देवाचं नाव घेत नव्हतो. गाभण म्हैस दिसत होती. गाठ नव्हती. डॉक्टरांनी मला कळेल असं सांगितलं. चेहऱ्याची जाण मेंदूकडे नेणारी एक नस असते, तिला एक रक्तवाहिनी घासत होती. ठोके पडत राहतात, नसेवरचं आवरण झिजतं आणि मग नुसता स्पर्श झाला तरी ती कळ मारते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे नाव. "दात काढून हे थांबत नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जण काढतात." फिट येणाऱ्यांना देतात तशी गोळी त्यांनी सुरू केली आणि सांगितलं, गुंगी येईल, रक्त तपासत राहावं लागेल, अंगावर पुरळ उठलं तर लगेच कळवा, मनाने बंद करू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी चूळ भरली आणि काही झालं नाही. सुमन स्वयंपाकघरात होती. मी मोरीतच बसून रडलो.

पण त्याच्या आधी, येतानाच्या एसटीत, मी तिला विचारलं होतं, "ठाऊक होतं तर तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुमी चेरमन. मी बोलले असते तर तुमी मलाच खोटी पाडली असती." मग म्हणाली, "कौसाच्या म्हशीचं पाप माज्या बी डोक्यावर हाय. तुमच्या एकट्याच्याच न्हाई. म्हनून तर आज बोलले."

वॉर्ड

गोळीने काही महिने बरे गेले. मग ती कमी पडू लागली, वाढवली की चक्कर यायची, रक्तातलं मीठ उतरायचं. शेवटी ऑपरेशन ठरलं. कानामागून आत जाऊन नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये बारीकशी गादी ठेवतात.

वॉर्डात सकाळी आधी फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या, मग रक्तदाब, मग चहा. चहा पितळीत ओतून, फुंकून, कोमट करून मी प्यायचो. एक सिस्टर न सांगता माझा चहा आधी आणून ठेवायची, निवायला. तोंड धुवायला कोमट पाणीही तीच द्यायची. अशा माणसांची नावं आपण विचारत नाही. मीही विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर उमापूरकडचे एक म्हातारे होते. त्यांच्या कपाळावर आणि डोळ्याभोवती नागीण उठली होती. "आदी नुस्तं कपाळ जळत हुतं," ते सांगायचे. "मंग पुरळ आलं. गेरू लावला, अंगारा लावला. डोळ्याचं कुनी इचारलंच न्हाई." तो डोळा अधू झाला होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्यावर हसण्याच्या लायकीचा नव्हतो. त्यांनी गेरू लावला, मी लिंबाजी लावला.

वॉर्डात पडल्या पडल्या जे ऐकलं आणि विचारून घेतलं, ते इथे सांगून ठेवतो. मी डॉक्टर नाही. चेहरा दुखण्याची कारणं पुष्कळ, आणि बहुतेक साधी: किडका दात, सर्दीने भरलेलं सायनस, रात्री दात खाण्याने दुखावलेला जबड्याचा सांधा. तेव्हा दातांच्या डॉक्टरला दाखवा, पण तो दात चांगला आहे म्हणाला तर त्याचं ऐका. तोंडातला फोड किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तंबाखू खात असा वा नसा, दाखवायला जा. भीती वाटते म्हणूनच जा. गालाला सूज आणि ताप असेल, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी. कपाळावर, डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी. वय झालेल्या माणसाची कानशिलं दुखतात, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक झाली, तर त्या घटकेला, कारण नजर गेली की परत येत नाही. तोंड एकीकडे वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, किंवा जबड्याबरोबर छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर कुणाला काही विचारत बसू नका, गाडी बोलवा. आणि माझ्यासारखी विजेची कळ असेल तर मेंदूच्या डॉक्टरकडे. तिथे गेल्यावर कधीपासून दुखतं ते खरं सांगा. खोट्या तारखेवर डॉक्टर काय करणार?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कानामागचे केस काढायला न्हावी आला. दाढीही काढायची का म्हणाला. गालाला वस्तरा लागेल या भीतीने मी खाटेचा दांडा धरला, पण हो म्हणालो. दाढीखालचा माझा चेहरा बघून सुमन म्हणाली, "लई उतरलाव."

शुद्धीवर आलो तेव्हा डोकं जड, ओकाऱ्या, मान आखडलेली. दोन दिवसांनी सिस्टरने ओला कापूस डाव्या गालावरून फिरवला. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. कळ आली नाही. तिने दुसऱ्यांदा फिरवला. डाव्या कानात अजून बारीक गुणगुण असते, ओठाची कड थोडी बधिर आहे. पुन्हा दुखणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. पण मी गार पाण्याने तोंड धुतो.

लिंबाजीच्या दारात

बरा झाल्यावर मी लगेच गेलो नाही. अशक्तपणा आहे, ऊन आहे, सण आहे. सुमनने एके सकाळी माझ्यासमोर चपला आणून ठेवल्या.

लिंबाजी गोठ्यात वैरण टाकत होता. मला बघून थांबला नाही.

"आलास का, चेरमन? आता कोन्ता गाल दावतोस?"

मी सगळं सांगितलं. संक्रांत, तीळगूळ, डॉक्टर. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होता. कौसाबाई दारात येऊन उभी राहिली. पाणी विचारलं नाही.

"म्हंजी मी मारलं त्यानं काय झालं न्हाई तुला?" तो म्हणाला.

"नाही."

"आन तुला म्हाईत होतं?"

"होतं."

"लई ग्वाड बोलतोस की आता. तवा कुटं गेलतं तुझं तोंड?"

मी म्हणालो, माझ्या गोठ्यातली चांगली म्हैस आणून बांधतो. त्यावर कौसाबाई बोलली. "तुमची म्हस नको, भावजी. रोज धार काढताना तुमचं तोंड डोळ्यापुढं यील."

"माफी मागायला आलोय."

"हितं कावून?" लिंबाजीने पाटी खाली आपटली. "बोंबललास कुटं? समद्यांपुढं. काढलंस कुटं? समद्यांपुढं. आन माफी गोठ्यात? शेणाला ऐकवायला आलास का बे? जा, तितं बोल. आमी माफ करू का न्हाई ते आमचं आमी बघू."

केंद्रावर सगळ्यांपुढे बोलणार, हे मी गोरखला सांगितलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. सोसायटीची निवडणूक आली आहे, घरातल्या घरात मिटवा, मी लिंबाजी-कौसाबाईला बोलावतो, असं तो म्हणत राहिला. शेवटी चिडून म्हणाला, "तुमी एकटे न्हाई बुडनार, आमाला बी बुडवनार." ते खरं होतं. त्या ठरावाला हात त्याचाही वर गेला होता.

सकाळच्या दुधाच्या वेळी मी केंद्रावर गेलो. चरव्या, कॅन घेऊन माणसं रांगेत होती. निरोप पाठवला होता, पण लिंबाजी आणि कौसाबाई सोसायटीच्या आवारात आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, बंद टपरीपाशी उभे राहिले. मी पायरीवर चढलो. बोलायला लागलो तशी रांग आधी कुजबुजली, कुणीतरी हसलं, मग हळूहळू गप्प झाली. मी जे बोललो ते असं:

"लिंबाजीनं मला मारलं, कारण मी त्याला कुत्र्यावानी हाकललं. माझं दुखणं त्याच्या चापटीचं न्हाई. ते आधीपासून होतं, आन मला ठाऊक होतं. दाढीचा नवस बी खोटा होता. कॅन्सर हाय या भ्यानं मी गप होतो. तुमी समद्यांनी माझ्या शब्दावर लिंबाजीला बाहेर काढलं. तो शब्द खोटा होता. त्याच्या दुधावरली बंदी आजपासून उठवावी, आन मी चेरमनकी सोडतो.

"आता जे मी बायकोला बी सांगितलं न्हाई ते सांगतो. कौसावहिनी, तुमी म्हशीसाठी माझ्या दारात आलत्या. मी गालाला उपरणं लावून बसलोतो, तुमाला वाटलं असंल दुखतंय. त्या दिशी माझा गाल दुखत नव्हता. मला बोलता येत होतं. 'राहू द्या जनावरं' एवढंच म्हणायचं होतं. मी बोललो न्हाई. त्याची मी तुमची माफी मागतो."